दोन्ही पत्रं मीच लिहिली

लोकांनी सही करण्याआधी तो कागद वाचायचा, हा माझा धंदा. गेली चौदा वर्षं मी पगार घेते तो याचाच. ऐकणाऱ्याला वाटतं, हे काय काम झालं? माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, पण तो कागद ज्याचा तो वाचेल ना." तिथेच तर सगळी गोम आहे. कोणी वाचत नाही.

हॉस्पिटलला एखादं नवं औषध किंवा नवी तपासणी माणसांवर करून बघायची असली, की आधी एका समितीची परवानगी लागते. जर्मनीत तिला एथिक-कोमिसिओन म्हणतात. समितीत मोठे मोठे प्रोफेसर बसतात, त्यांच्यासमोर फाईल जाण्याआधी ती माझ्या टेबलावर येते. मी दोनच गोष्टी बघते. पेशंटला जे संमतीपत्र देणार ते त्याला कळेल का, आणि त्यात जे कबूल केलंय ते पाळलं जाईल का. कायदाही समजायला हवा आणि रक्ताच्या बाटलीत काय चाललंय तेही समजायला हवं, असं हे काम आहे. मी दोन्ही शिकले आहे. म्हणून ही खुर्ची मला मिळाली.

गमतीही होतात. एका हृदयाच्या डॉक्टरांनी एकोणीस पानांचं संमतीपत्र पाठवलं होतं. मी परत पाठवलं आणि खाली लिहिलं, हे एकदा तुमच्या आईला वाचून दाखवा. ते तणतणत माझ्या खोलीत आले, मी त्यांचा अपमान केला म्हणाले. आठवड्याने चार पानं घेऊन परत आले. आईने दुसऱ्याच पानावर थांबवून विचारलं होतं, "हे सगळं राहू दे, यात मी मरू शकते का ते सांग." ते उत्तर त्यांनी आता पहिल्या ओळीत घातलं होतं.

दुसरे एक पेशंट, आजोबा, सुतार, डोंगराकडच्या गावातले. पेन हातात घेऊन बसून राहिले. म्हणाले, "माझा पत्ता इथे लिहून घेतलाय. डॉक्टरांचा पत्ता कुठाय?" तरुण डॉक्टर हसला आणि मला बोलावणं आलं. मी कागद बघितला. आजोबांचं बरोबर होतं. नाव होतं, हुद्दा होता, पण काही झालं तर नेमका कुठला दरवाजा ठोठावायचा, ते कुठेच नव्हतं. डॉक्टरला मी खोली नंबर आणि टेलिफोन हाताने लिहायला लावला, मग आजोबांनी सही केली. तेव्हापासून ती ओळ मी सगळ्यांकडून लिहून घेते, आणि त्यामुळे सगळे माझ्या नावाने खडे फोडतात. फोडोत.

पण या सगळ्या कागदांत मी सगळ्यात आधी शोधते तो एक लहानसा चौकोन. तपासणीत तुमच्या प्रकृतीबद्दल काही निघालं तर ते तुम्हाला कळवायचं का? हो किंवा नाही, एकावर खूण करा. नवे डॉक्टर विचारतात, हा चौकोन इतका कशाला नाचवता? माणसाला स्वतःबद्दल कळलेलं चांगलंच की. मी म्हणते, न कळण्याचाही हक्क असतो, कायदा तसं म्हणतो. आल्झो, म्हणजे बघा, हे उत्तर खरं आहे. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी कोणाला सांगितलेलं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी या वर्षी "कामातले काही मजेदार अनुभव लिहा" असं कळवलं, तेव्हा दोन पानं मजेदार लिहूनही झाली. ती वर आली आहेत. पुढचं मजेदार नाही.

बाबा इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला इंजिनियर होते. मी अकरा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. शाळा संपली तेव्हा बाबांना मी डॉक्टरकीच्या जवळपास काहीतरी करावं असं वाटत होतं, आणि मला वाद घालायला आवडायचा म्हणून आईला मी वकील व्हावं असं वाटत होतं. मी म्हटलं, दोन्ही करते. हायडेलबर्गला कायदा, ज्याला इथे युरा म्हणतात, आणि त्याच्या जोडीला बायोमेडिकल. इथे असा दोन्हींचा मिळून एक कोर्स नव्हता. वेगळे दोन अर्ज, वेगळ्या दोन इमारती, आणि एकाच वेळी दोन्ही का शिकायचंय त्याचं समर्थन करणारं एक पत्र. याला म्हणतात डोपेलस्टुडियम. नदीच्या अलीकडे युरा, पलीकडे लॅब, मधे पूल. मी दिवसातून तीनदा तो पूल सायकलवरून ओलांडायचे. एकदा पांढऱ्या कोटातच कायद्याच्या लायब्ररीत जाऊन बसले होते.

एक ना धड, भाराभर चिंध्या, असं माझी आत्या म्हणायची. तसं नव्हतं. अभ्यास मी रेटून केला. पण एक गोष्ट खरी, की मला दोन्हीकडे फुकटचा मान मिळायचा. युरावाल्यांना वाटायचं, हिला मायक्रोस्कोपमधलं सगळं कळतं. लॅबवाल्यांना वाटायचं, हिला कायद्यातलं सगळं कळतं. मी जिथे असेन तिथे दुसरीकडची शहाणी. तपासून बघणारं कोणी नव्हतं. आणि आपली मराठी माणसं तर काय, मी तिसऱ्या सेमिस्टरला होते तेव्हापासून मला बीपीच्या गोळ्याही विचारायची आणि घरमालकाची नोटीसही दाखवायची.

यात सगळ्यात पुढे गोगटेकाका. बाबांच्याच ऑफिसातले, आमच्यापेक्षा सहा वर्षं आधी आलेले. काका मला वकीलबाई म्हणायचे. नावाने कधी हाक मारली नाही. त्यांची मुलगी मृणाल माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी नवीन आले तेव्हा शाळेच्या बसमध्ये तिने मला तिच्या शेजारची जागा धरून ठेवली होती, जवळजवळ वर्षभर, रोज. जर्मन मी तिच्याकडून शिकले. पुढे ती चष्म्याच्या दुकानात लागली, डोळे तपासायचं शिक्षण घेऊन.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. त्या वर्षी उन्हाळाभर इथे फुटबॉलपायी खिडक्याखिडक्यांत झेंडे लागले होते, एवढं आठवतं. मी तेव्हा एका लॅबमध्ये अर्धवेळ मदतनीस होते. कुठली ते सांगत नाही, आणि खाली माझं सोडून बाकीची नावंही बदलली आहेत. तिथले प्रोफेसर थॅलेसेमियावर काम करत होते. थॅलेसेमिया मायनर आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. रक्तातली एक खूण, आईकडून किंवा वडिलांकडून येते. ज्याच्यात असते तो ठणठणीत असतो, जन्मभर कळतही नाही. फक्त नवरा-बायको दोघांतही ती असली तर मुलाला मोठा आजार होऊ शकतो, चारात एक अशी शक्यता. प्रोफेसरांना भारतीय माणसांची रक्तं हवी होती आणि ती मिळत नव्हती. मी म्हटलं, मी आणते.

कुठून आणली? गणपतीतून. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली की पन्नास-साठ मराठी घरं एका छपराखाली असायची. "गणपतीसमोर रक्त काढायचं का?" म्हणून थोडी कुरकुर झाली, तेव्हा लॅबच्या डॉक्टरीणबाईंना आम्ही कोट टांगायच्या खोलीत बसवलं. बाहेर माझं टेबल, प्रसादाच्या टेबलाला लागून. संमतीपत्राचं मराठी भाषांतर मीच केलं होतं. प्रोफेसर खूश होते, असा माणूस दुसरीकडे मिळाला नसता म्हणाले. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते लिहिताना मी तीनदा खोडून चौथ्यांदा मनासारखं केलं होतं. "तुमच्या तपासणीतून निघालेली माहिती तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगितली जाणार नाही."

लोकांनी ते वाचलंच नाही. "अगं, आपल्या पेठ्यांची मुलगी आहे, कर सही," असं म्हणत नवऱ्यांनी बायकांच्या कागदांवरही खुणा केल्या. एका काकूंनी एवढंच विचारलं, की मोदक रक्ताच्या आधी खायचा का नंतर. मला हे बेकायदेशीर आहे हे कळत होतं. सही करणाऱ्याला समजलं नसेल तर सही पोकळ, हे मी त्याच सेमिस्टरमध्ये परीक्षेत लिहून आले होते. पण रांग लांब होती, आणि सगळे माझ्यावर विश्वास टाकत होते याचं मला बरंच वाटत होतं.

पूर्ण वाचला तो एकट्या मृणालने. भिंतीला टेकून, चारही पानं. मग त्या चौकोनाशी थांबली.

"हे कशाला?"

"रिझल्ट हवा का नको."

"नको बाई. लग्न तीन महिन्यांवर आलंय, त्यात आणखी एक टेन्शन नको." तिने 'नाही' वर खूण केली आणि आत गेली.

लग्न ठरलं होतं सौरभशी. सौरभ पुण्याचा, कोलोनला सॉफ्टवेअरमध्ये. स्थळ माझ्या आईनेच सुचवलेलं. सौरभची शोभामावशी कोलोनलाच राहायची आणि ती आईची कॉलेजची मैत्रीण. पाच-सहा वेळा दोघं भेटली, एकमेकांना आवडली, डिसेंबरात पुण्यात कार्यालय घेतलं. गोगटेकाकू तेव्हा पायाला चाकं लावल्यासारख्या फिरत होत्या, आणि आई रात्रंदिवस रुखवताच्या मागे. साखरेचं सगळं स्वयंपाकघर करायला घेतलं होतं तिने, शेगडीपासून खलबत्त्यापर्यंत.

लॅबमध्ये नमुन्यांवर फक्त नंबर असतात. कुठला नंबर कोणाचा, ती यादी कपाटात कुलूपबंद. यादी मीच केली होती म्हणून किल्ली माझ्याकडे होती. आपल्या हॉलमधल्या नमुन्यांपैकी काहींत ती खूण निघाली. मला काही करायचं नव्हतं. नंबर तक्त्यात भरायचे, संपलं. मी कपाट उघडलं. का उघडलं, याला कारण नाही. बघावंसं वाटलं. तिसरा नंबर मृणालचा होता.

आता काय करायला हवं होतं ते मी आज डोळे मिटून सांगू शकते, कारण तेच मी दुसऱ्यांना शिकवते. प्रोफेसरांना जाऊन सांगायचं, की मी यादी उघडली, ही माझी चूक. मग सगळ्यांना मिळून एकच पत्र पाठवता आलं असतं, की लग्न ठरत असेल तर आपापल्या डॉक्टरांकडून ही तपासणी करून घ्या. कोणाचं नाव नाही, कोणाकडे बोट नाही. मृणालला हवं असतं तर तिने केली असती. एवढं सोपं होतं.

मी शनिवारी घरी गेले आणि आईला सांगितलं.

"आई, एक सांगते, पण कोणाला बोलायचं नाही."

"मी कधी बोलते?" ती साखरेच्या पोळपाटाला कडा लावत होती.

मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे मृणालला काही रोग आहे?"

"रोग नाही गं. ती ठणठणीत आहे. फक्त सौरभचंही रक्त तसंच निघालं तर मुलांना त्रास होऊ शकतो."

"मग त्याचं तपासायला नको?"

"तपासलेलं चांगलं," मी म्हटलं.

आईने पोळपाट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "स्थळ मी आणलंय. उद्या काही झालं तर दोन्हीकडची माणसं मलाच विचारतील."

मी रविवारी हायडेलबर्गला परत गेले. आई फोन करणार हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत होतं. लग्न जुळवणाऱ्या बाईला असं काही सांगायचं आणि तिने गप्प बसावं अशी अपेक्षा करायची, एवढी मी दूधखुळी नव्हते. मला ते कोणीतरी परस्पर निस्तरायला हवं होतं, आणि माझे हात कोरडे राहायला हवे होते. शिवाय, लाज वाटते पण सांगते, सगळ्या गावाला जे माहीत नाही ते मला माहीत आहे, हे कोणालातरी सांगायचंच होतं.

आईने शोभामावशीला फोन केला. अगदी जपून बोलली म्हणे, "दोघांनी एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं, मृणालचं जरा असं असं आलंय." सौरभने तपासणी केली. त्याच्यात काही निघालं नाही. म्हणजे धोका नव्हताच. शून्य. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आई तर मला फोनवर म्हणाली, "बघ, झालं की नाही सगळ्यांचं भलं."

दहा दिवसांनी पुण्याहून निरोप आला, की मुलाच्या आईचं मन धजत नाही. मुलीच्या रक्तात दोष आहे. उद्या नातवंडांत उतरला तर? ठणठणीत असते, काही होत नाही, हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. मी तर नाहीच नाही. मी सांगायला गेले असते तर पहिला प्रश्न आला असता, तुला कसं माहीत?

मृणालला हे कसं कळलं, ते मला फार नंतर समजलं. सौरभने फोन करून विचारलं, "तू माझ्यापासून हे का लपवलंस?" तिला तो काय म्हणतोय तेच कळेना. जी गोष्ट तिने स्वतःलाही सांगू नका म्हणून लिहून दिलं होतं, ती लपवल्याचा आरोप तिच्यावर आला.

पुढच्या शनिवारी गोगटेकाका आमच्याकडे आले. काखेत ओर्डनर, म्हणजे ती जाड पाठीची लोखंडी कड्यांची फाईल, जिच्याशिवाय जर्मनीत संसार होत नाही. त्यात मृणालच्या संमतीपत्राची प्रत होती. काका खुर्चीच्या कडेला बसले.

"वकीलबाई, तुम्हीच लिहिलंय ना हे? कोणालाही सांगितलं जाणार नाही म्हणून?"

"हो, काका."

"मग हे कुठून फुटलं? लॅबमधूनच फुटलं असणार. मला तक्रार करायचीय. माझं लग्नाचं काही म्हणणं नाही, ते गेलं. पण माझ्या मुलीला कोणी खोटारडी ठरवली, ते मला कळायला हवं. लिहून द्याल?"

आई चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. बाबांना काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "देईल की. घरची मुलगी आहे."

मी लिहून दिलं. दोन पानं, पक्क्या कायदेशीर जर्मनमध्ये, कलमांसकट. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि पंचनामाही कुंपणच लिहीत होतं. मला वाटलं होतं शब्द सुचणार नाहीत. तसं काही झालं नाही. उलट पत्र फार चांगलं झालं. शेवटी 'जबाबदार व्यक्तीचं नाव' अशी एक ओळ होती, ती मी कोरी ठेवली.

काकांनी दोनदा वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे रिकामं का?"

"ते त्यांनी शोधायचं, काका."

"बरोबर," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखी मुलगी आपल्यात आहे म्हणून बरं. नाहीतर आमचं कोण लिहिणार?"

पत्र गुरुवारी लॅबमध्ये पोचलं. प्रोफेसरांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त कागदपत्रांना घाबरायचे. "हे फार अप्रिय आहे," ते म्हणाले. "तुम्ही या लोकांना ओळखता. तुम्ही कोणाजवळ काही बोललात का?"

मी म्हणाले, नाइन, म्हणजे नाही.

"बरं. तुम्ही आमच्या कायदेतज्ज्ञ आहात. उत्तराचा मसुदा कराल?"

मी केला. एका तासात. माझ्याच पत्रातला एकेक मुद्दा घेतला आणि खोडून काढला, कारण कुठे कच्चा आहे ते मलाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. "संस्थेने चौकशी केली असता माहिती बाहेर गेल्याचं आढळून आलं नाही." प्रोफेसरांनी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. त्यांनीही नीट वाचलं नाही.

मला दोन्ही विषय येतात याचा मला केवढा गर्व होता. दोन्ही विषय मिळून मी शेवटी हे केलं.

काकांनी उत्तर फाईलला लावलं. मोठ्या लोकांपुढे आपलं काय चालतं, म्हणाले. पण ते गप्प बसले नाहीत. त्यांनी आणि काकूंनी आपापलं रक्त तपासून घेतलं. खूण काकांच्यात निघाली. त्या दिवसापासून त्यांनी तक्रार करणं सोडलं आणि स्वतःलाच दोषी धरलं. "माझ्याकडूनच गेलंय तिला," असं ते कोणालाही सांगायचे. हॉलमध्ये, आरतीनंतर, ताट हातात घेऊन, "रक्त माझं, भोगलं पोरीनं." काकू म्हणायच्या, "अहो, पुरे." मी तिथेच, दोन खुर्च्या सोडून बसलेली असायचे. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, पण तरी तोंडातून शब्द निघाला नाही.

आईला दोष देणं सोपं आहे, आणि माझ्या मनात मी तो काही वर्षं दिलाही. पण आईने कुठल्याही कागदावर काही कबूल केलं नव्हतं. कबूल मी केलं होतं, तीनदा खोडून चौथ्यांदा मनासारखं. आईने पुन्हा कधी कोणाचं लग्न जुळवलं नाही. साखरेचं स्वयंपाकघर तिने माळ्यावर ठेवलं, आणि तिथे ते ओल लागून विरघळलं.

तीन-चार वर्षांनी माझ्या परीक्षा संपल्या. मृणाल हायडेलबर्गला आली, मला चष्मा घेऊन. मी वाचताना डोळे बारीक करते हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. मला दुकानात बोलावून नंबर काढला होता, फ्रेम तिने निवडली. आम्ही त्याच पुलावर चालत होतो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी 'नाही' वर खूण केली होती ना?"

"हो."

"म्हणजे माझा रिझल्ट मला माहीत नव्हता. आईबाबांना नव्हता. मग आपल्या माणसांत तो कोणाला माहीत असू शकतो?"

मी चालायची थांबले.

"गेनाऊ. बरोब्बर," ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहितीय?"

"बाबांनी तुझं पत्र दाखवलं तेव्हापासून. इतकं सुंदर पत्र, आणि नावाची जागा तेवढी कोरी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. "ते नको. तुझं सॉरी घेऊन मी काय करू? बाबांना सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मुलगी समजूत घालतेय. तूच सांगायला हवं."

मी म्हटलं, सांगते.

आता हे सांगायला मला किती वर्षं लागली ते बघा. एकदा लाडू घेऊन गेले. काकांनी चहा केला आणि फाईल काढून मला माझंच पत्र दाखवलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेलं. "असं जर्मन आमच्या मॅनेजरलाही येत नव्हतं," म्हणाले. मी चहा पिऊन घरी आले. दुसऱ्यांदा काकू आजारी होत्या. तिसऱ्यांदा काकू गेल्या होत्या, तेव्हा बोलायची वेळ नव्हती. मग मृणालचं लग्न झालं, माटियासशी, चांगला माणूस आहे. त्यांची मुलगी माझ्याशी जर्मनमध्ये बोलते आणि मी मराठीत. "तिचं सगळं चांगलंच झालं ना शेवटी," असं म्हणून मी दोन-तीन वर्षं आणखी काढली. ते म्हणायचा मला अधिकार नाही. तिचं चांगलं झालं ते तिने केलं.

तिने दिलेला चष्मा लावूनच मी रोज ती संमतीपत्रं तपासते. काचा चारदा बदलल्या, फ्रेम तीच आहे. त्या चौकोनाबद्दल डॉक्टरांशी भांडते, आणि लोक म्हणतात, बाई फार काटेकोर.

या वर्षी हा लेख लिहिला तो असा विचार करून, की काकांकडे हा दिवाळी अंक दर वर्षी पोस्टाने येतो. ते पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सगळा वाचतात. ते वाचतील आणि त्यांना कळेल. लेख छापण्याआधी मृणालची परवानगी घेतली, या वेळेला लेखी. तिने दोन ओळी काट मारून पाठवल्या, त्या मी काढल्या. मग तिचा फोन आला.

"पोस्टाने कळवणार आहेस?" ती म्हणाली. "एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला, छापून? सगळ्या मंडळाबरोबर?"

तोपर्यंत मी याला धैर्य समजत होते.

"सही देते," ती म्हणाली, "पण अंक यायच्या आधी तू जा आणि हे स्वतः वाचून दाखव. त्यांनी नको म्हटलं तर छापायचं नाही."

मागच्या रविवारी गेले. काका आता जिन्यांना त्रास नको म्हणून तळमजल्यावर राहतात. दारातच म्हणाले, "या वकीलबाई, काय आणलंय वाचायला?" मी त्यांच्यासमोर बसले आणि वरचं सगळं वाचलं. हृदयाचे डॉक्टर आले तिथे ते हसले. मोदकाशी हसले. मी यादीचं कपाट उघडलं तिथपासून त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढे वाचताच आलं नसतं.

वाचून झालं.

"म्हणजे," काका म्हणाले, "माझ्या रक्तामुळे नाही मोडलं."

"नाही, काका. माझ्यामुळे."

"अठरा वर्षं मी..." एवढंच बोलले. मग उठले. मला वाटलं आता मला जायला सांगतील. ते कपाटापाशी गेले आणि तो ओर्डनर घेऊन आले. कडी उघडली, प्लॅस्टिकच्या पाकिटातून माझं पत्र काढलं, टेबलावर माझ्याकडे फिरवून ठेवलं आणि खिशातलं पेन वर ठेवलं.

"छाप तो लेख," ते म्हणाले. "पण आधी इथे नाव घाल, स्नेहल."

मी त्या कोऱ्या ओळीवर लिहिलं, स्नेहल पेठे. अक्षर वाकडं आलं. काकांनी चष्मा लावून ते वाचलं, सावकाश, जणू पहिल्यांदाच वाचतायत असं. मग ओळीच्या शेवटी बोट ठेवलं.

"तारीख आजची टाक," म्हणाले.

मी टाकली.